आधी सोडण्याची तयारी, मग गळ

फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते मूळचे सिंधुदुर्गातले असून लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जात असत. त्यांचा १४ वर्षांचा मुलगा चित्रफिती पाहून किनाऱ्यावरून शार्क पकडण्याचा हट्ट धरून बसला आहे. कोकणातून आलेले ७१ वर्षांचे वडील सध्या त्यांच्याकडेच आहेत, म्हणून जुलैमधल्या एका सुटीत तिघांनी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रात्र काढावी, दहा-बारा फुटी हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, गळाला लागावा, मुलाचा त्याच्याबरोबर फोटो काढावा आणि मग शार्क सोडून द्यावा, असा बेत ठरला आहे. पत्नीचा त्याला विरोध आहे. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा, दुसऱ्या जिवाला छळायचे आणि खायचे तर नाहीच, हे कसले वेड, असे त्या विचारतात. वडीलही नाराज आहेत. मोरी (कोकणात शार्कला मोरी म्हणतात) धरली तर ती घरी आणावी, खेळायला मासे धरू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्नीला कसे पटवावे आणि पहिल्या खेपेची तयारी नेमकी कशी करावी, असे वाचकांनी विचारले आहे.

पत्नीला कसे पटवावे, हा प्रश्न तुम्ही पहिला विचारला आहे. मी तो तूर्त बाजूला ठेवते, कारण त्यांच्या आक्षेपातले निम्म्याहून अधिक मला मान्य आहे आणि जे मला स्वतःला पटलेले नाही ते दुसऱ्या कुणाला पटवून देण्याच्या युक्त्या मी सुचवू शकत नाही. तरीही तुम्ही जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. बापाने मुलाला आणि आजोबांनी नातवाला पाण्याकाठी घेऊन बसणे ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र ज्या मांडणीवर तुमचा बेत उभा आहे, त्यातल्या दोन-तीन गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट अशी की, शार्क सोडून दिला म्हणजे त्याला काही झाले नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. काही वर्षे मी फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर राहत होते. तेव्हा अशाच एका रात्री आमच्या गटातल्या एकाच्या गळाला मोठा हॅमरहेड लागला. पाऊण तास ओढाताण चालली. शेवटी तो गुडघाभर पाण्यात आला तेव्हा अगदी शांत होता, आणि शांत आहे म्हणजे ठीक आहे, असे आम्हाला वाटले. गळ काढला, फोटो झाले, दोघांनी त्याला वळवून खोल पाण्याकडे ढकलले आणि तो अंधारात दिसेनासा झाल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे अर्ध्या तासाने सामान आवरताना लाटेत काहीतरी पांढरे दिसले, म्हणून विजेरी मारली, तर ते त्याचे पोट होते. त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे मी आजवर विसरलेले नाही.

असे का होते, ते मी नंतर समजून घेतले. हॅमरहेडसारख्या अनेक शार्कना कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते, त्यामुळे गळाला अडकून जागच्या जागी झगडणे म्हणजे त्यांच्यासाठी श्वास कोंडत जाणे असते. त्यातच हॅमरहेड लवकर हार मानत नाही. तो शेवटच्या ताकदीपर्यंत लढतो आणि त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचत जाते. गळाला लागलेल्या शार्कांच्या रक्ताचे नमुने तपासून शास्त्रज्ञांनी जातीजातींची तुलना केली आहे. त्यात टायगर शार्क बराच तग धरणारा ठरला, तर हॅमरहेड सर्वांत नाजूक जातींमध्ये मोडला. नर्स शार्क तळाशी पडून राहूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो पुष्कळ सोसतो. शिवाय शार्कच्या अंगात हाडे नसतात, सांगाडा सगळा कूर्चेचा असतो आणि आतल्या अवयवांना आधार देणाऱ्या बरगड्यांचा पिंजराही नसतो. पाण्याने तोललेले ते अवजड शरीर कोरड्या वाळूवर ओढले की आतल्या अवयवांवर त्याचेच वजन पडते, आणि ही इजा वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. ग्रेट हॅमरहेडची मादी साधारण ११ महिने गर्भ वाढवते आणि दोन वर्षांतून एकदाच विते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१९ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरवली. तुमच्या मुलाला ज्याच्याबरोबर फोटो हवा आहे तो मासा हा आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. तुमच्या पत्रात परवान्याचा उल्लेखच नाही, म्हणून हे सविस्तर सांगते. फ्लोरिडाच्या पाण्यात टायगर शार्क आणि हॅमरहेडच्या तिन्ही मोठ्या जाती मारणे, बाळगणे किंवा किनाऱ्यावर आणणे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहे. त्यानंतर १ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून होणाऱ्या शार्कच्या मासेमारीसाठी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशनने वेगळे नियम लागू केले. किनारा म्हणजे केवळ पुळण नव्हे; धक्का, पूल, जेटी हे सगळे त्यात धरले जाते. नेहमीच्या मासेमारी परवान्याखेरीज एक वेगळा परवाना घ्यावा लागतो. तो विनामूल्य आणि वर्षभरापुरता असतो, पण त्याआधी एक छोटा ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. १६ किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला तो लागतो, अगदी एरवी ज्यांना सूट असते त्या ६५ वर्षांवरील रहिवाशांनाही. तुमचे वडील पाहुणे आहेत, तेव्हा वयाची सूट त्यांना तशीही नाही. त्यांनी अनिवासी व्यक्तीसाठीचा तीन किंवा सात दिवसांचा परवाना काढावा आणि शार्कचा पाठही पूर्ण करावा. मुलगा १६ च्या आतला असल्याने परवानाधारक प्रौढासोबत तो मासे धरू शकतो. तरीही तो पाठ त्याने तुमच्या शेजारी बसून पूर्ण करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण चित्रफितींनी जे शिकवले ते उतरवायला त्याची मदत होईल.

आम्ही शार्कच्या मागे नव्हतोच, असे म्हणून या नियमातून सुटता येत नाही. चार फुटांहून लांब धातूची तार गळाला लावली, कमरेचा पट्टा बांधून ओढ घेतली किंवा मोठ्या गळाचे आमिष हाताने न फेकता कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, आत नेऊन टाकले, तरी परवाना लागतोच. आमिष नैसर्गिक असेल तर सर्कल हूकच, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळच, वापरावा लागतो, तोही ज्याचे टोक बाजूला वळवलेले नाही आणि जो स्टेनलेस स्टीलचा नाही असा. तार किंवा गळ झटकन कापता येईल असे हत्यार जवळ असावेच लागते. पुळणीवरून पाण्यात मासळीचे तुकडे आणि रक्त टाकून मासे गोळा करायला बंदी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संरक्षित जातीचा शार्क लागला तर त्याचे कल्ले पाण्याखालीच राहिले पाहिजेत आणि त्याला सोडायला क्षणाचाही विलंब करता येत नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही मनात योजलेला तो फोटो कायद्याने काढताच येत नाही. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात कमिशनच्या संकेतस्थळावर संरक्षित जातींची यादी पुन्हा एकदा वाचून घ्या. मासेमारीचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे असला, तरी पुळणीवर रात्री थांबू द्यायचे की नाही आणि गाडी कुठे लावायची हे स्थानिक प्रशासन ठरवते, त्याचीही चौकशी करा.

म्हणून माझी सूचना अशी की मासा बदला, महिनाही बदला. हॅमरहेडचा नाद सोडून ब्लॅकटिप किंवा अटलांटिक शार्पनोज अशा लहान जातींपुरता बेत करा. जुलैत टॅम्पाजवळच्या आखाताचे पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेले असते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि थकलेल्या माशाला सावरणे अधिक कठीण जाते. वडिलांचा मुक्काम लांबवता येत असेल तर ऑक्टोबर पाहा; नाहीतर पुढच्या खेपेला त्यांना एप्रिलमध्ये बोलवा. जुलैच सोयीचा असेल तर रात्रीच्या मुक्कामाऐवजी पहाटेचे दोन-तीन तास ठेवा. जुलैत पुळणीवर कासवांच्या विणीचा हंगाम चालू असतो, त्यामुळे अंधारात पांढऱ्या प्रकाशाची विजेरी न लावता लाल प्रकाशाची वापरावी आणि वाळूत खड्डे करून ठेवू नयेत.

जागा निवडताना पोहणाऱ्यांपासून दूर जा, हे सांगायला नको. पूल आणि उंच धक्के मात्र पहिल्या खेपेला पूर्णपणे टाळा. तिथून शार्क पाण्याच्या पातळीवर सोडता येत नाही. तो वर उचलावा लागतो आणि त्याचे सगळे वजन जबड्यातल्या गळावर पडते. उताराची, खडक नसलेली पुळण हवी. तुम्ही कोकणातले आहात, ओहोटीला पुळण वाचायची तुम्हाला सवय असेल. पाण्याखालच्या वाळूच्या दोन बांधांमधली खोलगट पट्टी शोधा. भरतीबरोबर बोय माशांचे थवे तिथे शिरतात आणि त्यांच्यामागून लहान शार्क येतात, म्हणून आमिष फार लांब फेकण्याची गरजच पडत नाही. कयाक घेऊन आत जाण्याचा विचार या खेपेला मनातही आणू नका.

सामानाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बारीक दोरी आणि हलकी काठी वापरली म्हणजे माशाला बरोबरीची संधी मिळते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हलक्या सामानामुळे झुंज लांबते आणि त्याची किंमत माशाला मोजावी लागते. लहान शार्कसाठीही ८००० ते १०००० आकाराचे रीळ, ५० ते ६५ पौंडांचा ताण सोसणारी विणीव दोरी आणि तिच्यापुढे काही फूट जाड नायलॉन लावावे. शार्कच्या कातडीवर सूक्ष्म दात असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती मऊ लागते आणि उलट फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरते, इतकी की त्यावर घासून साधी दोरी तुटते. शेवटी तार आणि तिला सर्कल हूक. आमिषाला ताजी बोय उत्तम. मासा लागला की काठीला जोराचा झटका देण्याची आपली जुनी सवय इथे विसरायची आहे. सर्कल हूकची दोरी आपोआप ताणू द्यायची, म्हणजे गळ घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि काढायला सोपा जातो.

आता खरी तयारी. नवखी माणसे काठी, रीळ आणि आमिष यांवर आठवडे घालवतात, पण मासा पायाशी आल्यावर कोणी काय करायचे हे तिथे उभे राहून ठरवतात. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. काठी एकाच्या हातात राहील. दुसरा माणूस बोल्ट कटर आणि लांब दांड्याचा गळ काढण्याचा चिमटा घेऊन पाण्यात जाईल, आणि तो अनुभवी असलाच पाहिजे. तुमच्या तिघांत शार्क हाताळलेला कोणी नाही, तेव्हा नियम पाळणारा एखादा जाणता मासेमार किंवा परवानाधारक मार्गदर्शक सोबत घ्या. असा माणूस मिळाला नाही तर बेत पुढे ढकला. ही अट मी सैल करणार नाही. तिसऱ्याने घड्याळ पाहायचे. योग्य सामानावर लहान ब्लॅकटिप दहाएक मिनिटांत आत यायला हवा. तो आला नाही, म्हणजे एकतर मासा तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे किंवा सामान चुकले आहे. दोन्ही वेळी पुढे ओढत राहण्यात अर्थ नाही. मासा पोटरीभर पाण्यात ठेवा आणि तोंड लाटांकडे करा. गळ दिसला तर काढा. दिसला नाही तर तार जितकी जवळून कापता येईल तितकी जवळून कापा. स्टेनलेस नसलेला गळ कालांतराने गंजून जातो. जात ओळखता आली नाही, तर तो संरक्षित आहे असे समजूनच वागा. फावड्यासारख्या गोल डोक्याचा लहान बॉनेटहेड आणि हॅमरहेडचे पिल्लू यांत नवख्यांची हमखास गल्लत होते. लांब करवतीसारखे तोंड असलेला सॉफिश चुकून लागलाच तर त्याला हात न लावता लगेच दोरी कापा. तो २००३ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

पत्नीला तुमच्या जिवाची काळजी वाटते, ती रास्तच आहे, पण धोका त्यांना वाटतो त्या दिशेने कमी आणि भलत्याच दिशेने अधिक आहे. टॅम्पाचा परिसर अमेरिकेत विजा सर्वाधिक पडणाऱ्या पट्ट्यांपैकी आहे, आणि उघड्या पुळणीवर हातात उंच काठी धरून उभा असलेला माणूस त्यांना सहज सापडतो. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून गाडीत बसायचे, मग गळाला काहीही लागलेले असो. दुसरा धोका उथळ पाण्यात वाळूखाली पडून राहणाऱ्या पाकटांचा, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशांचा. पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चालले की ती आधीच निघून जातात. ताणलेली विणीव दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नका. शार्क चावतो तो बहुधा गळ काढताना, घाईत, तोंडाजवळ बोटे नेल्यावर. म्हणूनच चिमटा लांब हवा आणि मुलगा त्या वेळी माशाच्या तोंडाजवळ नको.

वडिलांचा आक्षेप मला पत्नीच्या आक्षेपापेक्षाही खोलवरचा वाटतो. मासा हे अन्न आहे आणि अन्नाशी खेळू नये, ही त्यांची धारणा आहे; तिला जुनाट म्हणून बाजूला सारू नका. शार्पनोज किंवा ब्लॅकटिप ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे माणशी दिवसाला एक, घरी नेणे कायदेशीर आहे, आणि मोरीचे मटण कसे करायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको. मात्र शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो, आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनी शार्क खाऊच नये, असा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. म्हणजे नातवाच्या पानात ते वाढता येणार नाही. तेव्हा त्यांच्याशी दुसऱ्या बाजूने बोला. गुजरातच्या किनाऱ्यावर कितीतरी मच्छीमारांनी जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क सोडण्यासाठी स्वतःची महागाची जाळी कापली आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातही संरक्षित जलचर जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे कापणाऱ्या त्या माणसाला अन्नाची किंमत ठाऊक नसते, असे वडील नक्कीच म्हणणार नाहीत. शिवाय त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट या सगळ्यात आहे. फ्लोरिडात बोय धरायला आपल्या पागासारखेच फेकजाळे वापरतात. आमिषाची बोय वडिलांनी पागून द्यावी आणि पाग खांद्यावर घेऊन तो गोल कसा उघडायचा हे नातवाला शिकवावे. शार्क लागो न लागो, ती सकाळ त्याच्या लक्षात राहील. शार्कचा परवाना काढायचा नाही असे वडिलांनी ठरवले, तरी पागण्यासाठी अनिवासी परवाना त्यांना लागेल, हे विसरू नका.

मुलाला शार्कची ओढ आहे की फोटोची, हे तुम्ही त्याला विचारले आहे का? ओढ शार्कची असेल तर टॅम्पाहून दक्षिणेला व्हेनिसच्या पुळणीवर त्याला आधी घेऊन जा. तिथे वाळू चाळली की शार्कचे जीवाश्म झालेले दात सापडतात, लाखो वर्षांपूर्वीचे, काळे आणि गुळगुळीत. हिवाळ्यात, जानेवारी ते मार्चच्या सुमारास, पाम बीचच्या किनाऱ्यालगत हजारो ब्लॅकटिप जमतात. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचे स्टीफन काजिउरा अनेक वर्षे विमानातून त्यांची मोजणी करत आले आहेत. हे पाहिल्यावरही त्याला गळ टाकायचा असेल, तर तो अधिक समजून टाकेल. आणि ओढ फोटोची असेल, तर गळ निघत असतानाच पाण्यातल्या माशाचा एक फोटो तुम्ही घेऊ शकता, अर्थात जात संरक्षित नसेल तरच. त्याच्यासाठी मासा थांबवायचा नाही आणि त्याच्यावर बसायचे तर मुळीच नाही.

आता पत्नीचा प्रश्न. त्यांना पटवू नका, सहभागी करून घ्या. निघण्याआधीच्या रविवारी घरामागच्या अंगणात एक रंगीत तालीम करा. माशाच्या जागी वाळू भरलेली पिशवी ठेवा, तिला तार बांधा, काठी मुलाच्या हातात द्या, कटर तालमीपुरता तुम्ही घ्या (किनाऱ्यावर तो त्या जाणत्या माणसाकडे असेल) आणि तार किती सेकंदांत कापता येते ते पाहा. पहिल्या वेळी तुम्ही नक्की चाचपडाल, चार-पाचदा करा. घड्याळ पत्नीच्या हातात द्या. त्या किनाऱ्यावर यायला तयार झाल्या तर तिथेही ते त्यांच्याकडेच असू द्या, आणि आल्या नाहीत तर तो अधिकार वडिलांकडे सोपवा. घड्याळ ज्याच्या हाती आहे त्याने ‘काप’ म्हटले की त्याच क्षणी तार कापायची, असे घरातून निघतानाच सगळ्यांनी कबूल करून निघा.